बारोलो: कोणतं वर्ष आता उघडावं, कोणतं राखून ठेवावं

बारोलो ही इटलीतली लाल वाइन, नेब्बिओलो या एकाच द्राक्षाची. तिचा ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरा. पाच-सहा वर्षांच्या बारोलोतही कडेला विटकरी छटा दिसेल. त्यावरून वाइन उतरली असं समजू नका. या द्राक्षाचा रंग मुळातच फिका आणि लवकर विटणारा. बाटली वर्षानुवर्षं टिकते ती तुरटपणा आणि आंबटपणा यांच्या जोरावर, आणि ते किती पक्के उतरणार हे द्राक्षं तोडली त्या वर्षीची, म्हणजे बाटलीवर छापलेल्या वर्षीची, हवा ठरवते.

वायव्य इटलीच्या पिएमोंते प्रांतात, लांगेच्या टेकड्यांवर हे द्राक्ष सगळ्यात उशिरा, बहुधा ऑक्टोबरात तोडतात. २०१६ ला शेवटचे आठवडे दिवसा ऊबदार आणि रात्री गार गेले, द्राक्षं सावकाश पिकली. तुरटपणा घट्ट, पण रेशमासारखा बारीक. अलीकडच्या वर्षांत आमची पहिली पसंती हीच. मात्र घाईने उघडली तर जीभ कोरडी पडते आणि गुलाबाचा वास दडूनच राहतो. पंधरा वर्षं तरी थांबा. २०१९ त्याच वळणाची.

२०१७ ला एप्रिलच्या थंडीने काही ठिकाणी कोवळे कोंब करपले, पुढे कडक ऊन आणि दुष्काळ. फळ गोडसर, अल्कोहोल चढा, तुरटपणा मात्र काही बाटल्यांत खरखरीत. ही फार राखण्यात अर्थ नाही. २०१८ हलकी आणि मोकळी, आता खुशाल प्या. २०१४ ला पावसाळी म्हणून सरसकट नावं ठेवली गेली, ते पटत नाही: शेजारच्या बार्बारेस्कोत (तिथली वाइनही नेब्बिओलोचीच) पाऊस बराच कमी होता आणि तिथल्या चांगल्या बाटल्या आज सुरेख लागतात.

द्राक्षं बारोलोतल्या कोणत्या गावची तेही पाहा. ला मोर्राची वाइन लवकर खुलते. सेर्रालुंगाची त्याच वर्षाची बाटली आणखी बरीच वर्षं मागते.

कोवळी बारोलो पिण्याआधी दोन-तीन तास डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद काचेच्या सुरईत, ओतून ठेवा. पंचवीस वर्षांपुढची बाटली अशी तासन्‌तास ओतून ठेवू नका, वाळलेला गुलाब, चामडं, अळंबी हे नाजूक वास उडून जातात. ती आदल्या दिवशीच उभी करून ठेवा. नेब्बिओलोचा गाळ पिठासारखा बारीक आणि कडू असतो. हलला की पूर्ण ग्लास बिघडतो. प्यायच्या जरा आधी, उजेडासमोर धरून, एका धारेत डिकँटरमध्ये ओता आणि मानेशी गाळ आला की थांबा. पिताना १६ ते १८ अंश.

साठवण १२ ते १४ अंशांवर, बाटली आडवी. पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यात कपाटात ठेवलेली २०१६ पिकत नाही, शिजते. जुनी बाटली विकत घेताना बूच वर सरकलेलं किंवा झाकणाखाली चिकट ओघळ दिसला, तर वर्ष कितीही नावाजलेलं असो, घेऊ नका.