बांधावर उभी गाडी, आत नेट चालू: कट-ऑफवाल्या किटचा अनुभव

रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत असेल, बागेत चार ओळी आत शिरलं की मोबाईलची रेंज गायब. पानं पाण्याने भरलेली आणि बाग दाट, सिग्नल मधेच जिरतो. आणि नेमकं तिथेच दिल्लीच्या पार्टीला व्हिडिओ कॉलवर घड दाखवायचे असतात, बऱ्हाणपूरचे भाव पाहायचे असतात, वजनाचे फोटो पाठवायचे असतात. म्हणून माझी वॅगन-आर मी बांधावर, गावचा टॉवर समोर दिसेल अशी उभी करतो आणि हॉटस्पॉट, म्हणजे सिम घालून वायफाय देणारं छोटं यंत्र, आतच ठेवतो. मागच्या काचेजवळ ठेवला की वायफाय बागेच्या कडेपर्यंत आरामात येतं.

प्रश्न विजेचा. माझ्या गाडीत चावी काढली की लायटरचं सॉकेट मरतं. चावी अर्धी फिरवून ठेवावी तर म्युझिक सिस्टीमपासून सगळं जागं राहतं आणि बॅटरी फुकट खातं. इंजिन चालू ठेवणं म्हणजे पेट्रोल जाळणं. काही जण 230 व्होल्टचा इन्व्हर्टर लावून त्यात मोबाईलचा चार्जर खोचतात. बाराचे दोनशेतीस करायचे आणि पुन्हा पाच! हॉटस्पॉटपेक्षा इन्व्हर्टरच जास्त खाईल.

मी घेतलं ते डॅशकॅमसाठी, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेवरच्या कॅमेऱ्यासाठी मिळणारं हार्डवायर किट. काडेपेटीएवढी डबी, गाडीचे 12 व्होल्ट घेऊन 5 व्होल्ट देते आणि बॅटरी ठरावीक व्होल्टेजच्या खाली आली की स्वतः बंद होते, हाच कट-ऑफ. हजाराच्या आत मिळालं. दुकानदार तीन तारांचं गळ्यात मारत होता. त्यातली तिसरी तार गाडी चालू आहे की उभी, हे कॅमेऱ्याला कळावं म्हणून असते. हॉटस्पॉटला त्याचं काय? दोन तारांचं पुरतं. मात्र शेवटी साधं यूएसबी पोर्ट आहे ना ते बघून घ्या. बऱ्याच किटांना कॅमेऱ्याची मिनी यूएसबी पिन कायमची जोडलेली येते, ती आपल्या कामाची नाही.

बसवून घेतलं फैजपूरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून. माणूस कमी बोलणारा, पण काम चोख. टेस्टर दिवा घेऊन चावी काढल्यावरही जिवंत राहणारा फ्यूज शोधला, आतल्या दिव्याचा निघाला. त्यावर फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसवून जादा तार काढायचा जोड), टॅपमध्ये किटसाठी वेगळा 2 अँपिअरचा फ्यूज, काळी तार बॉडीच्या बोल्टला रंग खरवडून. मी दुसऱ्या एका फ्यूजकडे बोट दाखवलं तर म्हणे, “भो, तो एअरबॅगचा आहे, त्याला हात नको लावू.” फ्यूज टॅपचे आकार वेगवेगळे असतात, हेही त्याच्याकडूनच कळलं. ऑनलाइन मागवण्याआधी आपला फ्यूज काढून जुळवून पाहा.

आता बॅटरी उतरण्याची भीती. हिशेब साधा आहे. व्हिडिओ कॉल चालू असताना माझा हॉटस्पॉट साधारण 3 वॅट घेतो, म्हणजे डबीतली गळती धरून बॅटरीतून 0.3 अँपिअरच्या आतच. सकाळी सहाला सुरू झालेली कापणी बारापर्यंत चालली तरी दोन अँपिअर-तास जात नाहीत. माझी बॅटरी 35 ची. खरा धोका वेगळाच: हॉटस्पॉट काढायचं राहिलं आणि गाडी दोन-तीन दिवस अंगणात उभी, तर नवी बॅटरीसुद्धा निम्म्यावर येते. जुनीचं तर विचारूच नका.

तिथे कट-ऑफ कामाला येतो, पण किटवाल्यांनी तो 11.8 व्होल्टवर लावून पाठवलेला. शिशाची बॅटरी 11.8 वर आली म्हणजे जवळपास रिकामी झाली, मग स्टार्टर नुसता टकटक करणार. डबीच्या कडेला बारीक खटका आहे, तो मी 12.2 वर नेला. 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. बसवल्यावर हा खटका तपासला नाही तर पैसे अर्धे वायाच.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, बंद गाडीच्या आत त्याहून कितीतरी वर. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करू नये, असा दंडक. माझा हॉटस्पॉट त्याची बॅटरी काढूनही थेट तारेवर चालतो, म्हणून उन्हाळ्यात ती घरीच असते. सगळे हॉटस्पॉट असे चालत नाहीत, घेताना दुकानातच बॅटरी काढून चालवून पाहा. डॅशबोर्डवर मात्र कधीच ठेवू नका. काचेजवळ ऊन आलं की मी तो सीटच्या मागे सावलीत सरकवतो, थोडी रेंज गेली तर गेली.

महिन्यातून एखाद्या वेळीच गरज पडणाऱ्याने किटच्या भानगडीत पडूच नये. 10000 एमएएचच्या पॉवरबँकेतून 5 व्होल्टला साडेपाच-सहा हजारच मिळतात, खरा आकडा मागे बारीक अक्षरात छापलेला असतो. तरी एक कापणी निघून जाते. पॉवरबँक आणि हॉटस्पॉट कापडी पिशवीत घालून बांधावरच्या निंबाला टांगा, गाडीत नको.

माझी तक्रार एकच: डबीवर व्होल्टेज दिसत नाही. नुसता हिरवा दिवा, तो विझला की समजायचं. लायटरमध्ये खोचायचा छोटा मीटर वेगळा घ्यावा लागला, आणि तोही गाडी बंद करून तासाभराने, चावी अर्धी फिरवून वाचायचा, लगेच पाहिलं तर आकडा उगाच फुगलेला दिसतो. पाचपैकी चार तारे. आणि हो, हॉटस्पॉटचा पासवर्ड कापणीच्या टोळीतल्या पोरांना सांगू नका. दहा वाजेपर्यंत दिवसाचा डेटा रील्समध्ये जातो आणि पार्टीचा कॉल आला की चाक फिरत बसतं.