जिप्सीला जुनं फुल इंजिन: 11 महिने आणि 9,400 किलोमीटरनंतर

माझी मारुती जिप्सी किंग 1998 ची, कार्बोरेटरवाली. गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या पुढे डोंगरात आमची काजूची बागायत आहे. मार्च ते मे बोंडू (काजूची फळं) आणि बिया खाली आणायच्या, एरवी घर-बाजार आणि अधूनमधून चोर्ला घाटातून बेळगाव. इंजिन दोन वर्षांपूर्वीच तेल खायला लागलं होतं. डिपस्टिक काढली की तिथूनही धूर यायचा, आणि भरलेल्या गाडीला घाटात दुसऱ्या गिअरवरून वर जाता येत नव्हतं. इंजिन उतरणारच होतं, म्हणून त्याच जागी 16 व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारं), म्हणजे जी13बीबी, घालायचं ठरवलं. मारुतीने ते 2000 साली जिप्सीत आणलं. सीसी तेवढीच, 1298, पण ताकद 60 च्या जागी 80 अश्वशक्ती.

आधी मी सुटे भाग जमवून इंजिन बांधायला घेतलं होतं. ब्लॉक आणि क्रँक एकाकडून, हेड दुसऱ्याकडून. ब्लॉक बेळगावला उद्यमबागेतल्या वर्कशॉपमध्ये नेला. तिथल्या कामाबद्दल मनापासून चांगलंच बोलेन. त्यांनी प्रत्येक बोअर (सिलिंडरचं भोक) वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी मोजून कागदावर लिहून दिला. मूळ माप 74 मिलिमीटर, पण वरच्या बाजूला झीज इतकी होती की 0.50 ओव्हरसाइझला जावं लागलं, म्हणजे बोअर तेवढा मोठा करावा लागला. क्रँक 0.25 ने ग्राइंड झाली. आठवड्याभरात सगळं तयार.

त्यानंतर चार महिने इंजिन शेडमध्ये पडून राहिलं, कारण इंजिन म्हणजे फक्त ब्लॉक आणि हेड नव्हे. इनटेक मॅनिफोल्ड, थ्रॉटल बॉडी, इंजेक्टर रेल, डिस्ट्रिब्युटर, आल्टरनेटरचा ब्रॅकेट, पाण्याचे पाइप आणि सगळ्यात वाईट म्हणजे वायरिंग. कापून काढलेल्या गाड्यांचं वायरिंग ग्राइंडरने मध्येच उडवलेलं असतं. मी दोन सेट आणले आणि दोन्हींचे कनेक्टर माझ्या ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) बसेनात. तोवर 38,000 रुपये गेले होते आणि इंजिन एकदाही सुरू झालं नव्हतं.

शेवटी फुल इंजिन, म्हणजे सगळ्या जोडसामानासकट उतरवलेलं, शोधायला लागलो. पहिल्यांदा समोर आलं ते मारुतीच्या एस्टीम कारचं, स्वस्तात. एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं. त्यामुळे सम्प (खालचं तेलाचं भांडं), तेल ओढणारा पाइप आणि माउंटिंग जिप्सीचंच लागतं, मग पुन्हा तीच शोधाशोध. ते सोडून दिलं. पुण्यात एका व्यापाऱ्याकडे जिप्सीतूनच उतरवलेलं मिळालं: वायरिंग न कापलेलं, ईसीएम सोबत, टाकीतला पंपही. 46,000 सांगितले.

पैसे द्यायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या, हे कळकळीने सांगतो. आम्ही तिथेच जमिनीवर बॅटरी आणि स्टार्टर जोडला, चारही प्लग काढले, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला. आकडे आले 185, 182, 168, 184 पीएसआय. या इंजिनाला 170 ही खालची मर्यादा, आणि सिलिंडरांमधला फरक 14 च्या वर नको. तिसऱ्यात चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजलं. आकडा हललाच नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर तो वाढला असता. म्हणजे गळती व्हॉल्व्हची. हेडचं काम परवडतं, बोअरचं नाही. व्यापाऱ्याने 4,000 कमी केले आणि मी ते घेतलं.

घरी आणल्यावर हेड काढून व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह घासून नीट बसवणं), व्हॉल्व्ह सील, हेड गॅस्केट केलं. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं पुढचं सील, क्लच प्लेट हे सगळं नवीन. 17,500 गेले. टाकी आतून गंजलेली होती; ती धुऊन घेतली, नाहीतर पंप महिन्याभरात बसला असता. मागचं क्रँक सील कोरडं दिसलं म्हणून तसंच ठेवलं. ती चूक झाली.

कागदपत्रांचं काम आधी करा. इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार बदलाला आरटीओची मंजुरी लागते आणि काम झाल्यावर 14 दिवसांत कळवावं लागतं. व्यापाऱ्याकडून बिल आणि मूळ गाडीच्या कागदांची प्रत घेतल्याशिवाय इंजिन उचलू नका. ते चोरीच्या गाडीचं निघालं तर निस्तरावं तुम्हालाच लागेल. विमा कंपनीलाही कळवा. स्वतःचंच इंजिन बोअर करून घेणाऱ्याला नंबर तोच राहत असल्याने यातलं काही करावं लागत नाही. ज्याचा मूळ ब्लॉक शाबूत आहे आणि ज्याला ताकद वाढवायची नाही, त्याने मला विचारलं तर मी बांधूनच घे म्हणेन.

चालवायला कशी आहे? बागायतीच्या चढावर कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊन गाडी बंद पडायची, ते पूर्ण थांबलं. काजूच्या हंगामात रोज दोन खेपा केल्या, कुठेही अडलं नाही. चोर्ला आता तिसऱ्यावर चढते. लिटरला 9 मिळत होते, आता साडेअकरा. मात्र अगदी कमी वेगात, दगडांवरून रांगताना, जुनं इंजिन जास्त बरं ओढायचं. याचा जोर इंजिन जास्त वेगात फिरायला लागलं की येतो, त्यामुळे लो गिअर आधीपेक्षा लवकर टाकावा लागतो.

जुलैत त्रास झाला. सत्तरीचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. केरीजवळ चार दिवसांत तीनदा गाडी अचानक बंद पडली आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाली. मेस्त्रीने सेन्सर बदलायला सांगितलं. मी आधी अर्थिंगच्या तारा तपासल्या, तर इंजिनाकडून बॉडीला जाणारी तार गंजलेल्या पत्र्यावर कसलेली. पत्रा घासून, नवीन लग लावून, वर ग्रीस लावलं. त्यानंतर एकदाही बंद पडलेली नाही. कार्बोरेटरच्या गाडीला अशी अर्थिंग चालून जाते, ईसीएमला चालत नाही.

तेल 1,000 किलोमीटरला अर्धा लिटर खायची, आता दोन बदलींच्या मध्ये जेमतेम पाव लिटर. पण ते मागचं सील पाझरायला लागलंय, बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली) सकाळी दोन-तीन थेंब दिसतात. 300 रुपयांच्या आतबाहेरच्या सीलसाठी आता अख्खा गिअरबॉक्स उतरवायचा. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की ते काम काढणार आहे. बेळगावला बोअर केलेला ब्लॉक तेल लावून, प्लास्टिकमध्ये बांधून शेडमध्ये ठेवलाय. या इंजिनाच्या रिंगा गेल्या की बाकीचं सगळं सामान आता घरातच आहे.