‘बायबलमधली नगरं’ ऑनलाईन अभ्यासवर्ग: नक्की करा, फक्त प्रकटीकरणाच्या (बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या) भागावर अजून काम हवंय

ओळखीतल्या एका मंडळीनं (चर्चनं) शनिवारी संध्याकाळी झूमवर घेतलेला हा वर्ग मी आणि मिसेसनी मिळून पूर्ण केला. मराठीत या विषयावर इतक्या तयारीनं शिकवणारं फारसं कुणी भेटत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. फी नाममात्र आहे, पीडीएफ नोट्स मिळतात, रेकॉर्डिंग आठवडाभर बघता येतं.

आपल्याकडे प्रवचनात शहर आलं की सदोम-गमोरा, मग पाप, मग न्याय, आणि तिथेच विषय संपतो. इथे पाळकसाहेबांनी सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून केली. बायबल सुरू होतं बागेत पण संपतं शहरात, आणि पहिलं शहर कोणी बांधलं तर काइनानं, म्हणजे भावाचा जीव घेतलेल्या माणसानं (उत्पत्ती 4). तरीही देव शेवटी माणसाला परत बागेत नेऊन ठेवत नाही, जे माणसानं भीतीपोटी उभं केलं तेच नवं करून देतो. हे ऐकून मी तर पुढचं निम्मं सेशन याच विचारात होतो.

यिर्मया संदेष्ट्याच्या पत्राचं सेशन (29वा अध्याय) सगळ्यात जवळचं वाटलं. हनन्या संदेष्टा यरुशलेमेत सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत येईल, आणि यिर्मया बाबेलात (बॅबिलोनात) कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना लिहितो सत्तर वर्षं लागतील, घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं लावा आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी आपलं मंदिर असलेलं शहर हिरावलं त्यांच्या शहरासाठी प्रार्थना, किती जड गेलं असेल त्या लोकांना! ग्रुपमधल्या एक ताई म्हणाल्या की आम्ही पिंपरीत वीस वर्षं राहतोय पण अजून ‘आमचं गाव’ म्हटलं की नगरच (अहिल्यानगर), इथल्या पाण्याचं नि कचऱ्याचं आम्हाला कधी आपलं वाटलंच नाही. त्यावर होमवर्क असं दिलं की आपल्या वॉर्डातल्या माणसांसाठी कामासकट प्रार्थना करायची, वॉचमन, टँकरवाला, दवाखान्यातली सिस्टर. करून बघा. दोन दिवसांत लक्षात येतं की आपल्याला यांची नावंसुद्धा माहीत नाहीत, मग विचारावी लागतात.

शरणपुरांचा (आश्रय देणाऱ्या नगरांचा) भाग मात्र पैसे वसूल. यहोशवा 20 मधली सहा नगरं, यार्देन नदीच्या अलीकडे तीन पलीकडे तीन. पाळकसाहेबांनी नकाशा स्क्रीनवर ठेवून एकेक दाखवलं, केदेश, शखेम, हेब्रोन, मग बेसेर, रामोथ, गोलान. चुकून कुणाचा जीव गेला तर तो माणूस पळत यायचा, वेशीत उभा राहून वडीलजनांना सगळं सांगायचा, ते त्याला आत घेऊन राहायला जागा द्यायचे. परक्यालाही तोच हक्क होता. महायाजक (मंदिराचा मुख्य पुरोहित) मरेपर्यंत तिथे राहायचं, नंतर घरी जायची मोकळीक. एका महायाजकाच्या मरणानं दोषी माणूस मोकळा होतो, आता हे ख्रिस्ताविषयी वाचल्याशिवाय राहवतं का?

इथे नाशिकच्या शरणपूरचा उल्लेख यायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. हे नाव आपल्याच मातीत आहे. 19व्या शतकात सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) मिशनच्या त्या वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहिली, शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या शवपेटीसोबत इंग्लंडपर्यंत गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर अॅबीतल्या अंत्यविधीला हजर होता. प्रकटीकरण 18 मध्ये मोठ्या बाबेलच्या (देवाविरुद्ध उभ्या नगराच्या) बाजारातल्या मालाची यादी आहे, सोनं, मोती, दालचिनी, गहू, गुरं असं करत करत शेवटी माणसांचे जीव. त्या यादीतल्या शेवटच्या ‘माला’ला वेशीच्या आत घेणारं गाव आपल्या महाराष्ट्रात होतं, हे मुलांना सांगायला नको का?

नाराजी आहे ती प्रकटीकरण 21 वर. तिथे स्वर्गातून उतरणाऱ्या नव्या यरुशलेम नगराची बाजू बारा हजार स्टादिया (जुनं ग्रीक माप) म्हणजे सुमारे 2200 किलोमीटर, हे खरंच मोजायचं की नाही यातच बराच वेळ गेला आणि प्रश्नोत्तरं सगळी आजची बाबेल कोणता देश यावर घसरली, कोणी आवरलं नाही. खरी गोष्ट दोन मिनिटांत उरकली. ती अशी की या नगराची लांबी रुंदी उंची सारखी, आणि शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थानही (सगळ्यात आतली खोली) तसंच, वीस बाय वीस बाय वीस हात. तिथे वर्षातून एकदा एकटा महायाजक जायचा, इथे सगळं नगरच ते झालंय, म्हणून वेगळं मंदिर नाही आणि वेशी कधी बंद होत नाहीत. यावर अख्खं सेशन हवं होतं. वेशी उघड्या असलेल्या नगराची वाट बघणाऱ्या मंडळीचं दार रविवारी नवख्या माणसाला कसं वाटतं, हा प्रश्न तिथे यायलाच हवा होता.

बाकी आवाज अधूनमधून तुटतो, नोट्सचा फाँट बारीक आहे, ज्येष्ठांसाठी प्रिंट मोठी काढून घ्या. तरुण संघानं एकत्र बसून केला तर जास्त फायदा, एकट्यानं केला तर होमवर्क राहून जातं. पुढची बॅच उपवासकाळात (ईस्टरआधीच्या) आहे असं सांगितलंय, मी तिथे शरणपूरचा विषय घ्या म्हणून कळवलंय.