डॅशबोर्डवर ९२ टक्के, कागदावर अंधार

अपूर्णांक शिकवणाऱ्या एका गेमचं वर्गासाठी वर्षभराचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि मी फसले. वर्गासाठी गेम निवडायचं काम ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

डेमो देखणा होता. कंपनीचा माणूस स्वतः खेळून दाखवत होता आणि प्रत्येक उत्तर बरोबर देत होता. उत्तर चुकलं तर काय होतं, हे मी बघायलाच हवं होतं.

दोन महिन्यांनी डॅशबोर्डवर वर्गाची प्रगती ९२ टक्के दिसली. मग मी मुलांना कागदावर विचारलं, १/३ मोठा की १/४? अर्ध्याहून जास्त मुलांनी १/४ लिहिलं, कारण तीनपेक्षा चार मोठे. अपूर्णांक नव्याने शिकताना ही चूक हमखास होते, आणि गेमचा पहिला धडा नेमका तिच्यावरच होता.

दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या मागे जाऊन उभी राहिले. प्रश्न आला, तिने वाचलाही नाही. पहिला पर्याय दाबला, लाल. दुसरा, लाल. तिसरा हिरवा, नाणी खुळखुळली आणि पुढची लेव्हल उघडली. मध्येच ती हात आवरून नुसती बसली, तर थोड्या वेळाने बरोबर उत्तर आपोआप चमकायला लागलं. "बाई, थांबलं की तेच सांगतं," ती म्हणाली. तिचा यात काहीच दोष नव्हता. प्रगती म्हणजे पार केलेल्या लेव्हल, एवढाच तो हिशेब होता. चुका कुठे नोंदल्याच जात नव्हत्या.

मग 'संशोधनाने सिद्ध' म्हणून दिलेली फाइल नीट वाचली. अभ्यास कंपनीनेच केलेला. खेळणाऱ्या मुलांची आधी आणि नंतर चाचणी, तीही गेममधल्याच प्रश्नांवर. न खेळलेल्या मुलांशी तुलना कुठेच नाही. त्या काळात वर्गात शिकवणं चालूच असतं, मग सुधारणा गेममुळे झाली हे कशावरून? असे दावे नवे नाहीत. मेंदूचे खेळ विकणाऱ्या 'लुमॉसिटी'ने शाळेतली कामगिरी सुधारते, अशीही जाहिरात केली होती. दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली आणि २०१६ साली कंपनीने २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

मला पैसे परत मिळाले नाहीत. "सेवा वापरली गेली आहे," एवढंच उत्तर आलं.

आता मी कुठलाही गेम आधी मुद्दाम चुकीचा खेळते. न वाचता, डोळे मिटून बटणं दाबून पुढे जाता आलं, तर तो तिथेच बाद. मग विषयात कच्च्या असलेल्या एका मुलाला देते आणि शेजारी गप्प बसते. शेवटी गेममध्ये नसलेले पाच प्रश्न कागदावर.

मुलांची नावं आणि नोंदी पुसून टाका, असं कंपनीला तीनदा कळवलं, अजून उत्तर नाही. ती हमी पैसे भरण्याआधीच लेखी घ्या.