देणगी रुग्णाला, संशोधनाला की शिक्षणाला?

आईवडिलांच्या स्मरणार्थ वैद्यकीय कामाला पैसे द्यायचे ठरले, की ते नेमके कुठे द्यायचे हा पेच येतो. टाटा घराण्याने तो संशोधन आणि रुग्णसेवा अशा दोन्ही बाजूंनी सोडवला. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती दोराबजी यांनी १९३२ मध्ये मेहेरबाईंच्या नावाने या रोगावरच्या संशोधनासाठी न्यास स्थापला, आणि दोराबजींच्या नावाच्या न्यासातून १९४१ मध्ये मुंबईत परळला टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं रुग्णालय उभं राहिलं.

आपल्यापाशी पंचवीस-पन्नास हजार असतात. एकदाच द्यायचे असतील तर मी रुग्णसेवेलाच देईन. उपचारांचा खर्च सरकारी योजनेतून निघाला तरी गाडीभाडं, जेवण, बुडालेली मजुरी आणि राहायची जागा घरच्यांवरच पडते. लांबून परळला आलेली माणसं फुटपाथवर झोपलेली पाहिली की हे कळतं. मुंबईत राहणं परवडत नाही म्हणून उपचार अर्धवट टाकून गावी परतणारे असतात, आणि कर्करोगात अर्धवट उपचार जिवावर बेततो. नाना पालकर स्मृती समिती बाहेरगावच्या रुग्णांची, तर सेंट ज्यूड कर्करोग झालेल्या मुलांची राहायची सोय करते. औषधांसाठी द्यायचं असेल, तर मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला भेटा. कुणाचं काय अडलंय ते त्यांना ठाऊक असतं.

संशोधनाचं फळ उशिरा येतं, कधी येतही नाही. पण आलं तर त्याला रुग्णसेवा गाठू शकत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई अशाच काळजीसाठी बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या. म्हणून दरवर्षी थोडे, पण दहा वर्षं देणार असाल तर संशोधन निवडा. फक्त दर मार्चला 'काय निष्पन्न झालं?' असं विचारू नका.

शिक्षणाला दिलेल्या देणगीची ताकद मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात दिसते. तिथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत, ही देणगीदारांची अट होती. १९२६ साली कॉलेज त्याच अटीवर सुरू झालं. आपल्या आवाक्यातलं म्हणजे नर्सिंगच्या एखाद्या मुलीची फी. पदवीला चार वर्षं लागतात. चारही वर्षांची तयारी नसेल तर यात पडू नका, मधेच हात आखडला तर तिचं शिक्षण अडतं.

करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, तीही संस्थेला तशी मान्यता असेल तर. रोख २,००० रुपयांच्या वर दिलेत तर सवलत नाही, तेव्हा चेकनेच द्या आणि कोणत्या कामासाठी दिले ते पावतीवर लिहून घ्या.