काउच टू फाइव्ह के: शाळकरी मुलांच्या घरात बसेल असा धावण्याचा आराखडा

काउच टू फाइव्ह के म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटर धावण्यापर्यंत. बूट सोडले तर खर्च शून्य, मुदत नऊ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा. अजिबात न धावणाऱ्यांसाठी जोश क्लार्क यांनी १९९६ मध्ये हा आराखडा तयार केला, पुढे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, तो आपलासा केला. एनएचएसच्या ॲपमध्ये आवाजी सूचना मिळतात, पण त्या इंग्रजीत. तक्ता वहीत उतरवून मोबाईलवर इंटरव्हल टायमर (पळण्या-चालण्याची वेळ बदलली की वाजणारे घड्याळ) लावला तरी काम भागते.

नोकरी, डबे, अभ्यास आणि मुलांची आजारपणे सांभाळणाऱ्या बेळगावकर आईबाबांना हा आराखडा मी मनापासून सुचवेन. कारण साधे आहे. तो रोज मागत नाही, आणि सुरुवातीला अगदी थोडे मागतो. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटे झपझप चालायचे, मग ६० सेकंद पळायचे, ९० सेकंद चालायचे, असे २० मिनिटे. म्हणजे पळणे जेमतेम आठ मिनिटे. शेवटी पाच मिनिटे सावकाश चालले की अर्ध्या तासात सगळे आटोपते. नवव्या आठवड्यात सलग ३० मिनिटे पळायचे असते, तेव्हा चालणे धरून ४० मिनिटे लागतात. बूट घालणे, घाम पुसणे धरून घरातून पाऊण तास काढता आला पाहिजे. त्याहून कमी वेळ असेल तर चालण्याची पाच मिनिटे कापू नका, पळण्याची कापा. अंग गरम न करता पळाले की पोटरी आणि टाच आधी कुरकुरतात.

वेळ कुठून काढायचा? रिक्षामामा साडेसातला दारात येणार असतील तर पहाटे साडेपाच ते सव्वासहा हीच खरी वेळ. संध्याकाळ कागदावर छान दिसते, पण गृहपाठ, ट्यूशन आणि पाहुणे यांत हमखास बुडते. दोघांनाही पळायचे असेल तर एकाने सोम-बुध-शुक्र, दुसऱ्याने मंगळ-गुरु-रवि असे वाटून घ्यावे. शनिवारी शाळा सकाळची, त्या दिवशी कुणीच निघू नये. दोन धावांमध्ये एक दिवस सुट्टी सुटत नाही आणि एक मोठे माणूस कायम घरी असते. तुमच्या भागात नळाला ठराविक दिवशीच पाणी येत असेल, तर तो दिवस ज्याच्या वाट्याला नाही त्याने पाणी भरायचे, हे आधीच ठरवून ठेवा. अशाच बारीकसारीक गोष्टींवरून वेळापत्रके मोडतात.

आता आराखड्याची कमजोर जागा: पाचवा आठवडा. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटांच्या तीन धावा, दुसऱ्या दिवशी आठ-आठ मिनिटांच्या दोन, आणि तिसऱ्या दिवशी एकदम सलग २० मिनिटे! रात्रभर तापलेल्या मुलाच्या उशाशी जागलेल्या माणसाला ही उडी झेपत नाही, आणि बरेच जण इथेच सोडून देतात. उपाय तक्त्यातच आहे. सहाव्या आठवड्यातली दुसरी धाव (१० मिनिटे पळणे, ३ चालणे, १० पळणे) इथे आधी घ्या. ती दमछाक न होता जमली की मग २० मिनिटांना हात घाला. नऊ आठवड्यांचे बारा झाले तरी काही बिघडत नाही. घरात आजारपण येऊन आठवडा बुडाला तर शेवटचा पूर्ण केलेला आठवडा पुन्हा करा. दोन-तीन आठवडे बुडाले तर त्याच्याही एक आठवडा मागून सुरू करा. राहिलेल्या धावा भरून काढायला लागोपाठ तीन दिवस पळणे मात्र टाळा. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, पण नडगीचे हाड आणि टाचेचा स्नायुबंध त्या वेगाने घट्ट होत नाहीत. दुखणे नेमके तिथून सुरू होते.

वेगाबद्दल नवखे हमखास चुकतात. पळताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांत धाप लागत असेल तर वेग जास्त आहे. नावातल्या पाच किलोमीटरवर जाऊ नका: अर्ध्या तासात पाच किलोमीटर म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटे, आणि नवशिक्याला सहज आठ लागतात. नवव्या आठवड्याअखेर पावणेचार किलोमीटर झाले तरी आराखडा पूर्ण झाला असेच समजावे.

जागा निवडताना सपाट आणि सावलीची बघा. टिळकवाडीत व्हॅक्सीन डेपोची झाडी आणि मातीची वाट गुडघ्यांना बरी. कॅम्पातले झाडांखालचे रस्तेही पहाटे शांत असतात. काँग्रेस रोड सरळ आहे, पण रहदारी सुरू व्हायच्या आत परत फिरावे. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा चढ या नऊ आठवड्यांत नको. निपाणी, चिकोडी भागात उसाच्या हंगामात पहाटे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे दिवाच नसतो. वाहने समोरून दिसतील अशा उजव्या कडेने पळा, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट असू द्या. जूनमध्ये इथे सहाच्या सुमारास सूर्य उगवतो, पण जानेवारीत सात वाजतात, म्हणजे थंडीतली सगळी धाव अंधारात. कुत्री अंगावर आली तर पळणे थांबवा आणि चालत पुढे जा.

पावसाळ्याचा विचार या आराखड्यात नाही. खानापूरकडच्या मुसळधार पावसात तो जसाच्या तसा पाळणे अवघडच. शेवाळलेले पेव्हर ब्लॉक आणि लाल चिखल दोन्ही निसरडे, तेव्हा खरखरीत डांबरी रस्ता बरा. अगदीच कोसळत असेल तर पत्र्याखाली किंवा पार्किंगमध्ये तेवढीच मिनिटे जागच्या जागी पळून वेळ पाळावी. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते वाऱ्याला ठेवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात सुकवले की तळाचा डिंक सुटतो. सुरुवात करायला ऑक्टोबर उत्तम.

पैसे खर्च करायचे ते फक्त बुटांवर. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, पळायचे मोजे घालून माप बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. बॅडमिंटनचे सपाट बूट चालणार नाहीत. आठवड्याला १२ किलोमीटर धरले तर ६०० किलोमीटर टिकणारा जोड वर्षभर पुरतो.

बाळंतपणानंतर किमान तीन महिने थांबा आणि डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. पळताना लघवी निसटणे किंवा ओटीपोटात जडपणा जाणवणे हे थांबण्याचे इशारे आहेत. छातीत दुखणे, चक्कर, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनीही आधी तपासून घ्यावे.

नवव्या आठवड्यानंतर तक्ता संपतो. तिथून पुढे दोन धावा ३० मिनिटांच्याच ठेवा आणि फक्त आठवड्यातली शेवटची, म्हणजे शुक्रवारची किंवा रविवारची, दर आठवड्याला तीन-चार मिनिटांनी वाढवा. किलोमीटरला आठ मिनिटे लागत असतील तर ४० मिनिटांवर पाच किलोमीटर पुरे होतात.