टर्बो ३५० की पॉवरग्लाइड, आणि हेडं कुठली? एका हंगामानंतरचा अनुभव

गाडी १९७२ ची शेवरले नोव्हा, इंजिन ३५० स्मॉल ब्लॉक (जनरल मोटर्सचं, म्हणजे जीएमचं, व्ही-८). टर्बो ३५० आणि पॉवरग्लाइड हे जीएमचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बोचार्जरशी संबंध नाही. हेडं म्हणजे सिलिंडरवरची झाकणं, ज्यांतून हवा आत-बाहेर जाते. राहायला न्यू जर्सीत, एडिसनला. इंग्लिशटाऊनच्या ट्रॅकवरचं ड्रॅग रेसिंग (सरळ पट्ट्यावरची शर्यत) २०१८ पासून बंद, म्हणून ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवेला जातो. प्रकार ब्रॅकेट रेसिंगचा. पाव मैलाला गाडी किती सेकंद घेईल ते आपणच काचेवर लिहायचं. त्याहून लवकर पोचलात तर ब्रेकआउट, म्हणजे बहुतेक वेळा बाद. पुणे जिल्ह्यातल्या घाटावर बैलगाड्याचा निकाल सेकंदांवर लागतो, इथेही घड्याळच मालक, फक्त आकडा आधी कबूल करावा लागतो. ज्यांना नुसता कमी वेळ हवा आहे, त्यांना माझं मत पटणार नाही.

आधी व्होर्टेक हेडं होती, १९९६ पासून जीएमच्या ट्रकवर यायची ती. बिडाची, इनटेक पोर्ट (हवा आत जायचे मार्ग) साधारण १७० सीसीचे. या पैशात यांच्या तोडीचं काही मिळत नाही, खालच्या आणि मधल्या आरपीएमला तर दमदारच. पण इनटेक मॅनिफोल्ड (हेडांपर्यंत हवा नेणारा भाग) त्यांचाच लागतो (जुन्याला बारा बोल्ट, याला आठ), आणि व्हॉल्व्हच्या मूळ स्प्रिंग ठेवून जास्त लिफ्टचा (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम टाकता येत नाही. ते काम मशीन शॉपमधून करून घ्यायचं म्हटलं की स्वस्ताई बरीचशी तिथेच संपते.

मग एएफआर कंपनीची १९५ सीसी पोर्टची अॅल्युमिनियमची हेडं बसवली. वजनातला फरक उचलतानाच कळतो. बसवताना पुशरॉडची (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या दांड्यांची) लांबी मोजून घ्या, जुनेच तसेच बसवू नका. टर्बो ३५० तीच ठेवून वेळ साडेतेरा सेकंदांच्या आसपासचा पावणेतेरावर आला. चार हजारांच्या वर इंजिन वेगळंच वाटतं. पण स्लिपवरचा (फेरीनंतर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीवरचा) पहिल्या साठ फुटांचा आकडा दर फेरीला वेगळा. टर्बोचा पहिला गिअर २.५२, मागच्या अॅक्सलचा रेशो ३.७३, त्यामुळे सुटताना टायर कधी पकडतो, कधी फिरतो. वेळ कमी झाला, पण काचेवर काय लिहावं ते कळेना.

पॉवरग्लाइडने हे थांबवलं. गिअर दोनच, पहिला १.७६ चा. मागे ४.१० घातले तरी सुटतानाचा एकूण रेशो ९.४ वरून ७.२ वर येतो. धक्का सौम्य, टायर गप्प, शिफ्ट एकच. गाडी किंचित हळू झाली, पण फेऱ्या एकमेकींना इतक्या जवळ आल्या की मी राउंड जिंकायला लागलो.

आता खरी मेख. सहा हजारांला शिफ्ट केली तर टर्बो दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना हिशेबाने इंजिन ३,९५० च्या आसपास उतरतं. पॉवरग्लाइडमध्ये तेच ३,४०० वर. मोठ्या पोर्टच्या हेडांना तिथे जीव नसतो. जास्त स्टॉलचा कन्व्हर्टरच (इंजिन आणि गिअरबॉक्सला जोडणारा तेलावरचा भाग; स्टॉल म्हणजे तो इंजिनला किती आरपीएमपर्यंत चढू देतो ते) इंजिनला वर धरतो. म्हणून हेडं आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या मूडमध्ये घेऊ नयेत. पॉवरग्लाइडवर बेताचा कन्व्हर्टर असेल तर मी व्होर्टेकच ठेवीन. स्टॉल वाढवायची तयारी असेल तरच १९५. गाडी जड असेल तर टर्बो सोडू नका, दोन गिअरमध्ये ती सुटायलाच आळस करते.

रस्त्यावर? ४.१० आणि २६ इंची टायरवर साठ मैलांना इंजिन ३,२०० च्या आसपास फिरतं, आरपीएम खाली आणणारा ओव्हरड्राइव्ह गिअर नाही. ट्रॅकपर्यंत गाडी चालवत नेणं म्हणजे कानांना शिक्षा. बायको एकदाच बसली.

पुढच्या हंगामाआधी कन्व्हर्टर बदलतोय. हेडांना हात लावणार नाही.